खांद्यावर तोफ कशाला?



आज पिकावर नाही, बंदुकीवर लिहितोय. काहींना राग येईल. येऊ द्या.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं महिनाभराच्या आत तीन जीव घेतले. त्यात दोन लहान लेकरं. तेव्हापासून भीमेच्या अलीकडं शिरूरला आणि पलीकडं दौंडला, चहाच्या टपरीवर एकच विषय. बंदुकीचा परवाना. आणि परवाना म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "घ्यायची तर बारा बोअरची दुनळी घ्यायची, बारकं खेळणं काय कामाचं?"

मी पंचवीस वर्षं बारा बोअरची दुनळी खांद्यावर वागवलीय. आबांच्या नावावर होती, ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. पीक संरक्षणासाठी. म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. दोन वर्षांपूर्वी मी ती रीतसर परवानगी काढून विकली आणि वीस बोअरची एकनळी घेतली. गावात हसले लोक. "म्हातारपण आलं का?" म्हणाले. म्हातारपण नाही आलं, अक्कल आली. उशिरा आली एवढंच.

का बदलली ते आधी सांगतो.

जानेवारीची रात्र. थ्री फेज लाईट रात्री बारानंतर. उसाला पाणी धरायला गेलो. एका हातात बॅटरी, काखेत खोरं, खांद्याला दुनळी. उसाच्या कडेला सळसळ झाली. रानडुकरं मक्यातून उसात शिरत होती. नेहमीसारखा हवेत बार टाकावा म्हणून बंदूक उचलली. एका हातानं. सव्वातीन किलोची, पुढं नळ्यांकडं जड. बांध ओला. पाय सरकला, नळी खाली आली आणि बार झाला.

पलीकडच्या अर्ध्या तुटलेल्या फडात त्याच संध्याकाळी टोळी उतरली होती. मला पत्ता नव्हता. साठ-सत्तर पावलांवर त्यांची बैलं बांधलेली. एका बैलाच्या पुठ्ठ्यात चार छर्रे बसले. कोपी त्याच्यापासून दहा पावलांवर. कोपीत तीन लेकरं झोपलेली.

सकाळी डॉक्टर आणला, छर्रे काढले, खर्च दिला, बैल बसून होता तेवढ्या दिवसाची मजुरी दिली. टोळीतला तो गडी भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, बैल व्हता म्हणून पैशात भागलं." त्यानंतर आठ दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता कोणी म्हणंल, चूक तुमची, बंदुकीला का दोष? खरंय. चूक माझीच. अंधारात एका हातानं बंदूक उचलायची नसते. चापावर बोट आधीच ठेवायचं नसतं. पलीकडं काय आहे ते माहीत नसताना बार टाकायचा नसतो. तीन चुका एका दमात केल्या. पण शेतकरी रात्री दोन वाजता थंडीत, झोपेत, चिखलात उभा असतो. चूक तिथंच होते. जड हत्यार त्या चुकीला जागा करून देतं. औतसुद्धा आपण बैलाचा जोर बघून जुंपतो. मग बंदूक माणसाचा जोर बघून का घेऊ नये?

आता बोअर म्हणजे काय, ते किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसतो ती बारा बोअर. वीस गोळे केले तर वीस बोअर. म्हणून आकडा मोठा तेवढी नळी बारीक. बाराची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर, विसाची साडेपंधराच्या वर थोडी. बाराच्या नेहमीच्या काडतुसात तीसेक ग्रॅम छर्रे असतात, विसाच्यात पंचवीसच्या आसपास. फरक एवढाच. मुठीभर ज्वारी आणि त्यातून सांडलेले चार दाणे.

माझी आत्ताची एकनळी अडीच किलोची आहे. पाऊण किलोचा फरक कागदावर काही नाही. रात्रभर बांधावर फिरल्यावर खांद्याला विचारा.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो, नाहीतर जाणकार मला धरतील. बंदूक हलकी झाली म्हणजे धक्का आपोआप कमी होत नाही. हलक्या बंदुकीत तेवढंच जड काडतूस घातलं तर ती जास्त लाथ मारते. नळी बारीक आणि काडतूसही हलकं, दोन्ही जमलं तरच खांदा वाचतो.

भाच्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. तिकडं रानटी टर्की मारतात. टर्की म्हणजे आपल्या मोराच्याच कुळातला पक्षी, अंगानं थोराड. झाडाला टेकून बसायचं, मादीसारखा आवाज काढायचा, नर जवळ आला की डोक्या-मानेवर नेम. वर्षानुवर्षं तिकडंही हाच समज की टर्कीला बारा बोअरच पाहिजे, तीही साडेतीन इंची भरभक्कम काडतुसांची. आता तिथले पुष्कळ जण वीस बोअरवर, अगदी चारशे दहावर आलेत. शिशापेक्षा दीडपटीहून जड असे टंगस्टनचे छर्रे आले, मग नळी मोठी ठेवायची गरज संपली. ज्यांचा तो छंद आहे, ते मोठेपणा सोडून हलकं हत्यार घेतात. आणि ज्यांना मारायचंच नाही, नुसतं हुसकवायचंय, असे आपण तोफ मागतोय!

होय, मारायचं नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, त्याचा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं. मोरही पहिल्या अनुसूचीत, 1963 पासून राष्ट्रीय पक्षी. आपल्याच तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीत मोर रानातलं धान्य खातात. तिथल्या लोकांनी त्यांना बंदूक दाखवली नाही, मोर बघायला येणाऱ्यांना भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि त्यातनं चार पैसे मिळवले. जीवावर बेतलं तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्यासाठी सद्‌हेतूनं केलेला बार कायदा गुन्हा धरत नाही. पण ती वेळ वेगळी, पीक राखणं वेगळं.

म्हणजे आपल्या बंदुकीचं रोजचं काम काय? आवाज. डुक्कर काडतूस मोजत नाही. बाराचा बार की विसाचा बार हे त्याला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर आठ-पंधरा दिवसांत त्याला कुठल्याच आवाजाची भीती राहत नाही.

आता कायद्याची गंमत बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 आहे. त्यात पीक राखायला मुळात ठासणीची बंदूक सांगितलीय. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीसुद्धा शेतकऱ्याला तोफ लागते असं धरलं नव्हतं. गरज बघून हत्यार, हीच रीत. मोठेपणाची दुनळी आपण घुसवली. लग्नाच्या वरातीत मिरवायला आणि भावकीला दाखवायला.

"पण बिबट्याला काय करायचं?" हा प्रश्न मला रोज येतो. त्याचंही उत्तर देतो.

बिबट्या समोर उभा राहून आव्हान देत नाही. तो उसातनं येतो, वाकून काम करणाऱ्या बाईवर किंवा अंगणातल्या लेकरावर येतो, आणि सगळं दोन-चार श्वासात होतं. तेवढ्यात घरात खुंटीला टांगलेली दुनळी काय करणार? कुलपातनं काढायची, काडतूस घालायचं, नेम धरायचा. आणि नेम कुठं धरायचा? बिबट्याच्या तोंडात आपलं लेकरू असताना बारा बोअरचे छर्रे कुणाला लागतील याचा विचार केलाय का? ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या रागापुढं मी बोलत नाही. त्यांचा राग खरा आहे. पण त्या रागावर स्वार होऊन जो सांगतो की घराघरात दुनळी दिली की प्रश्न मिटला, तो फसवतोय.

बिबट्या उसात राहतो कारण ऊस वर्षभर उभा आहे, पाणी आहे, कुत्री-डुकरं आहेत. त्याची पिल्लंही उसातच जन्मतात. आपण रात्री त्याच्या घरात जातो, कारण लाईट रात्री येते. दिवसा वीज द्या ही मागणी मोठ्या आवाजात करायला पाहिजे. सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे ना? मग माझ्या फिडरवर कधी, हे विचारायला दहा जण येत नाहीत. बंदुकीच्या परवान्यासाठी शंभर येतात.

ज्यांना खरंच बंदूक लागते, त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

एक, बदलायची तर आधी परवान्यावर बदलाची परवानगी, मग विक्री, मग खरेदी. जुनी बंदूक परवाना असलेल्यालाच जाते. तोंडी व्यवहार केला तर दोघंही आत.

दोन, वीस बोअरची काडतुसं मला दर वेळी मिळत नाहीत, आधी सांगून ठेवावं लागतं. बाराची आपल्या पुण्यातच खडकीच्या कारखान्यात बनतात, त्यामुळं ती सहज मिळतात. हा हलक्या बंदुकीचा खरा तोटा आहे, लपवत नाही. माझ्यापुरता त्याचा फायदा झाला. काडतूस कमी म्हणून बार टाकण्याआधी विचार करतो.

तीन, हे नीट वाचा. बारा आणि वीस एका घरात ठेवू नका. विसाचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर पुढं सरकून अडकतं. वरनं नळी रिकामी वाटते. माणूस मागून बाराचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. नळी हातात फुटते. म्हणून मी आबांची आठवण असूनही दुनळी ठेवली नाही.

चार, निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा माझी जमा होती. तेव्हा पीक कुणी राखलं? पत्र्याचा डबा, कुत्री, बॅटरी आणि आमच्या मंडळींची गोफण! पूर्वी ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पोरीसोरी गोफण फिरवायच्या. आमच्या हिचा नेम अजून तसाच आहे. मी बंदूक जमा करून परत आलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, आणायची घाई करू नका, मका तर शाबूत आहे."

त्यावर माझ्याकडं अजून उत्तर नाही.

माझं म्हणणं एवढंच. हत्यार गरजेपुरतं घ्या. बंदूक लागत नसेल तर घेऊ नका. लागत असेल तर हलकी घ्या, दोन हातांनी धरा, आणि बार टाकण्याआधी उसापलीकडं कोण झोपलंय ते बघा. टोळीतली लेकरं आपल्याच फडाच्या कडेला झोपतात, हे हंगामात रोज रात्री आठवा.

ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडावं. फक्त भांडायच्या आधी भरलेली दुनळी नाही, रिकामी दुनळी खांद्यावर घेऊन एक रात्र पाणी धरून या. मग बोलू.