बारावीच्या बाकावर पदवीचे श्रेयांक

मुलीच्या शिक्षणाचा हिशेब आपल्याकडे वर्षांत मांडला जातो. ‘अजून किती वर्षं?’ हा प्रश्न मुलाला नोकरीसाठी विचारतात, मुलीला लग्नासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झाले होते. म्हणजे मुलीच्या हातात अकरावी-बारावीची वर्षे असतील, तर त्यापुढची असतीलच याची खात्री नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या एका पद्धतीकडे आपण लक्ष द्यावे असे मला वाटते. तिथे शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुले-मुली कॉलेजचे काही विषय घेतात. उत्तीर्ण झाल्यावर तोच विषय शाळेतही धरला जातो आणि पुढे पदवीतही. मिनेसोटा राज्याने १९८५ साली ही सोय सुरू केली. तिथे फी आणि पुस्तकांचा खर्च सरकार उचलते. त्याआधी १९६४ मध्ये एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल या शिक्षिकेने सोळा वर्षांच्या मुली कॉलेजसाठी तयार असतात या विश्वासाने सायमन्स रॉक हे कॉलेज स्थापन केले, तेही सुरुवातीला केवळ मुलींसाठी. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थी कॉलेजचे विषय शिकत होते.

तिथेही सगळे आलबेल नाही. काही राज्यांत फी पालकांवर पडते. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले या वर्गांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी दिसतात. एका कॉलेजचे श्रेयांक दुसरे कॉलेज मान्य करेलच असेही नाही. सोय काढली म्हणून ती तळापर्यंत पोचत नाही, हा अनुभव आपल्यालाही आहेच.

आता आपल्याकडे पाहा. कित्येक गावांत ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज एकाच आवारात भरते. ग्रंथालय एक, फाटक एक. तरीही बारावीपर्यंत केलेल्या अभ्यासातला एकही श्रेयांक पदवीत धरला जात नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीतून मध्येच बाहेर पडायची दारे मात्र केली: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. ‘सर्टिफिकेट मिळालं ना, आता पुरे,’ असे म्हणायला घरच्यांना किती सोपे! बाहेर जायला दारे आहेत, मग लवकर आत यायला का नसावे?

कोणी म्हणेल, पदवी लवकर झाली तर लग्नही लवकर उरकतील. ही भीती खोटी नाही. परंतु जी वर्षे मुलीच्या हातात नक्की आहेत, त्यांनाच मोल मिळाले पाहिजे. शिक्षण मध्येच तुटले तरी श्रेयांक तिच्या नावावर राहतील. २०२१ च्या नियमांनुसार श्रेयांक बँकेत ते सात वर्षांपर्यंत राहू शकतात. परत येणारीला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

मात्र ही सोय शहरातल्या हुशार, इंग्रजी माध्यमाच्या मुलींपुरती राहिली तर आपल्याला तिचा उपयोग नाही. पदवीचा विषय बारावीच्या एखाद्या विषयाच्या जागी असावा, त्यावर जादा भार म्हणून नव्हे; घरचे पाणी-स्वयंपाक करून येणाऱ्या मुलीला जादा तास परवडत नाही. तो कॉलेजच्या वेळेतच शिकवला जावा. फी नसावी. कला शाखा आणि मराठी माध्यम वगळू नये. आणि राज्यातल्या सर्व विद्यापीठांनी ते श्रेयांक मान्य केलेच पाहिजेत.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय शिक्षणही श्रेयांकांत मोजण्याचे तत्त्व आलेले आहे. ते पदवीशी जोडण्याची मागणी राज्य मंडळाकडे आणि विद्यापीठांकडे कोणी करायची? मैत्रिणींनो, बालविवाह थांबवायला आपण धावतो. त्या मुलीला घरच्यांपुढे ‘माझी पदवी सुरू झाली आहे’ असे म्हणता यावे, यासाठीही आपणच उभे राहायला हवे.