रिमोटवर आकडेच नाहीत!

“काहून गं, माझा सहा नंबर कुठं गेला?”

आमच्या आत्याबाई नवा रिमोट डोळ्यांजवळ नेऊन उलटासुलटा करून पाहत होत्या. मधोमध एक गोल, बाजूला चार-पाच बटणं आणि माइकचं चित्र. आकडे नाहीतच! इतकी वर्षं संध्याकाळचे सात वाजले, की देवापुढे दिवा लावून त्या सहा नंबर दाबायच्या आणि त्यांची मालिका सुरू व्हायची. आत्याबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे पक्के ओळखतात. लाइटच्या बिलापासून किराण्याच्या चिठ्ठीपर्यंत त्यांना कुणी फसवू शकत नाही. या नव्या डब्यानं मात्र पहिल्याच दिवशी त्यांना अडाणी ठरवून टाकलं.

आमच्या हसनाबादेत आता केबलवाले फारसे उरले नाहीत. पावसाळ्यात आमची वायर तुटली. केबलवाला म्हणाला, “ताई, तुमच्या गल्लीत दोनच घरं राहिलीत, एवढ्यासाठी खांबावर कोण चढतंय?” त्याचंही खरंच आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन दर लागू झाले आणि पैशाचे चॅनल एकेक मोजून निवडायची वेळ आली. त्यानंतर हिशेब न जमल्यानं आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी केबल सोडली. लेक शिकायला छत्रपती संभाजीनगरला असतो. तो म्हणाला, “मम्मी, केबल विसर. अठराशे रुपयांत बॉक्स मिळतो. एकदा घ्यायचा, मग सगळं फुकट.” जालन्याहून आणलासुद्धा.

‘सगळं फुकट’ हे शब्द ऐकले की मैत्रिणींनो, आपण बायकांनी पदर सावरून बसावं. पण मीही भुललेच.

हा बॉक्स म्हणजे काय, तर बिनपडद्याचा मोबाइल. पडदा आपल्या टीव्हीचा, बाकी आतलं सगळं मोबाइलचं. म्हणून मोबाइलची सगळी दुखणीही त्याला आहेत. जागा भरते, अपडेट मागतो, ईमेल मागतो, पासवर्ड मागतो. लाइट गेली की पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि आमच्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको. सुरू झाला की विचारतो, कोण पाहतंय? खाली लेकाचं नाव, त्याच्या बाबांचं नाव आणि एक लहान मुलांचं चित्र. माझं नाव त्यात नव्हतं. आत्याबाईंचं तर नव्हतंच. लेकाला म्हटलं, तर तो हसून म्हणाला, “अगं मम्मी, माझ्या नावावर बघ ना, काय फरक पडतो?”

फरक काय पडतो ते चार दिवसांनी कळलं.

हा डबा इंटरनेटवर चालतो आणि आमच्या घरात इंटरनेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट. लेक सुट्टी संपवून गेला. यांचा मोबाइल सकाळी यांच्याबरोबर शेतात जातो. म्हणजे दुपारी दोन ते चार, जेव्हा भांडी-धुणी आवरून बाईमाणूस जरा टेकतं, तेव्हा टीव्ही बंद! माझा फोन आहे, पण त्याचा दिवसाचा दीड जीबी डेटा बचत गटाच्या कामालाच लागतो. हिशेब सांगते. साध्या चित्राला तासाला जवळपास एक जीबी लागू शकतो आणि चांगल्या, स्वच्छ चित्राला तीन जीबीपर्यंत. म्हणजे दीड जीबीत साध्या चित्राची दीड तासाची करमणूक, नाहीतर स्वच्छ चित्राचा अर्धा तास. डेटा संपला की पडद्यावर ते गोल चाक फिरत बसतं. आत्याबाई त्या चाकाकडे पाहत बसतात आणि मग उठून तांदूळ निवडायला घेतात.

मला लहानपणचं आठवतं. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा माहेरच्या गल्लीत एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी बायका अंगणातलं काम उरकून तिथं जाऊन बसायच्या. एक पोरगं पत्र्यावर चढून अँटिना फिरवायचं आणि खालून सगळे ओरडायचे, “आलं, आलं... गेलं, मुंग्या आल्या!” गैरसोय होतीच. पण एकदा चित्र आलं, की तिथं बसलेल्या बाईला ‘तुझा ओटीपी सांग’ असं कुणी म्हणत नव्हतं. पुढे घरोघर टीव्ही आले, केबल आली. भांडणं व्हायची, क्रिकेट की मालिका यावरून रुसवेफुगवे व्हायचे, तरी दुपारचा टीव्ही बाईचा असायचा. घरात कुणी नसताना बटण दाबायचं आणि पाहायचं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आता विचारावं लागतं. टीव्ही घरातच आहे, डबाही घरातच आहे, पण त्याची चावी घरातल्या पुरुषाच्या खिशात आहे.

हे फक्त आमच्या घरचं म्हणाल तर तसं नाही. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असं सांगणाऱ्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या. खेड्यापाड्यांत तर ४७ टक्क्यांच्या आसपास. त्यात साधे, बटणांचे फोनही आले. म्हणजे खेड्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांकडे स्वतःचा म्हणावा असा फोनच नव्हता. मग फोनवर चालणारा टीव्ही त्या कशा चालवणार? २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी आलं तेव्हा आमच्या ओट्यावर बायकांची रांग लागली होती. फॉर्म भरणं दोन मिनिटांचं, पण ओटीपी आलेला मोबाइल कुणाचा पुण्याला, तर कुणाचा वाळूजच्या कंपनीत शिफ्टवर. फोन लावून, आकडे ओरडून विचारता विचारता दिवस मावळायचा.

याच गोष्टीनं आमच्या गटातल्या एका मावशींना चांगलाच चटका दिला. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्याकडेही असाच बॉक्स आला होता. नातवानं एका ॲपवर ‘फक्त १ रुपयात सात दिवस’ असं पाहिलं, बापाच्या मोबाइलवरून रुपया भरला आणि पिक्चर पाहिला. पोरगं विसरलं, बापही विसरला. पण त्या मोबाइलला जोडलेलं बँक खातं मावशींचं होतं, कारण खातं उघडताना त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून मुलाचा नंबर दिला होता. २०२४ च्या जुलैपासूनचे लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार त्याच खात्यात यायचे. आणि दर महिन्याला त्यातले २९९ रुपये गुपचूप जायचे.

चार महिने हे चाललं. बाराशेला चार रुपये कमी! मावशी पासबुक भरून आणायच्या आणि सुनेकडे संशयानं पाहायच्या. सून म्हणायची, देवाशपथ मी हात लावला नाही. घरात अबोला झाला. शेवटी पासबुक घेऊन दोघी माझ्याकडे आल्या. त्यातली इंग्रजी नोंद मी चारदा वाचली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काही फार हुशार आहे असं नाही, बी.ए. मराठीची डिग्री आहे, पण असली इंग्रजी अक्षरं जुळवायला मलाही वेळ लागतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की आपोआप पैसे कापायचे असतील तर निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. कार्डांसाठी हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाला. मावशींच्या बाबतीतही मेसेज आले होते. पण ते मुलाच्या मोबाइलवर, इंग्रजीत, शंभर जाहिरातींच्या मेसेजच्या गर्दीत. नियम पाळला गेला आणि मावशींना काहीच कळलं नाही! पंधरा हजारांच्या आतली रक्कम असेल तर दर वेळी ओटीपीसुद्धा मागत नाहीत. म्हणजे जी रक्कम आपल्याला मोठी वाटते, ती या व्यवस्थेच्या हिशेबी विचारण्याइतकीही मोठी नाही.

मग आम्ही मुलाला मोबाइल घेऊन बसवलं. ज्या ॲपवरून आपण पैसे पाठवतो, त्यातच ‘ऑटोपे’ नावाचा कप्पा असतो. तिथं ती परवानगी दिसली, ती रद्द केली. काम दोन मिनिटांचं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. गेलेले पैसे परत आले नाहीत; तुम्हीच तर परवानगी दिली होती, असं उत्तर आलं. खरं तर सहज गळाला लावायचं आणि बाहेर पडायची वाट मात्र अवघड करून ठेवायची, या प्रकाराविरुद्ध केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला नियमावली काढली आहे. तेरा प्रकारच्या फसव्या युक्त्या त्यात नोंदवल्या आहेत आणि वर्गणीचा सापळा ही त्यातलीच एक. कागद आहे. पण तो मावशींच्या ओसरीपर्यंत कसा पोचायचा? ग्राहकाच्या भाषेत मेसेज द्या, खातं जिच्या नावावर आहे तिला कळेल असं सांगा, एवढी सक्ती करायला काय हरकत आहे?

सासू-सुनेचा अबोला मात्र त्या दिवशी संपला. सुनेनं चहा केला. मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “पोरीवर उगं आळ घेतला बघा म्या.”

आता ‘फुकट’वाल्या गोष्टीकडे येते. आमच्या बॉक्समध्ये दुकानदारानं एक ॲप घालून दिलं होतं, त्यात सगळे पैशाचे चॅनल नि नवे पिक्चर बिनपैशाचे. एके दिवशी गटाची मीटिंग होती, बायकांबरोबर लेकरंही होती. मधूनच पडद्यावर अशी घाणेरडी जाहिरात आली, की मी धावत जाऊन प्लगच उपटला. लेकाला फोन केला, त्यानं शोधून माहिती काढली, तेव्हा पोटात गोळा आला. असल्या बिननावाच्या स्वस्त डब्यांत काही वेळा आधीपासूनच चोरटा प्रोग्रॅम दडवलेला असतो. मग तुमच्या घरचं इंटरनेट वापरून चोर लोक आपले उद्योग करतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं याबद्दल लोकांना सावध केलं. पुढच्याच महिन्यात गुगलनं असल्या टोळीवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, त्यात एक कोटीहून अधिक यंत्रं बाधित झाल्याचं म्हटलं आहे. असा डबा ओळखायचा कसा? ओळखीची कंपनी नसते, ‘सगळं फुकट दिसेल’ असं सांगून विकतात, आणि जोडताना गुगलचं संरक्षण बंद करायला लावतात. आमच्या डब्याला तिन्ही लक्षणं होती. तो आता माळ्यावर आहे. बँकेचे व्यवहार असलेला फोन त्याच हॉटस्पॉटसाठी वापरत होतो, याची आठवण झाली तरी अंगावर काटा येतो.

एवढं ऐकून वाटेल, ताईंना नवीन काही नकोच. तसं नाही हो. त्याच डब्यावर आम्ही बारा-तेरा जणींनी मिळून शेळ्यांच्या लसीकरणाचे आणि मिरची-मसाल्याच्या पॅकिंगचे व्हिडिओ पाहिले होते. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर बारा डोकी मावत नाहीत, टीव्हीवर मावतात. एकीनं मध्येच थांबवायला सांगितलं, पुन्हा मागं नेऊन दाखवलं. केबलवर हे जमलं नसतं. माइकचं बटण दाबून आत्याबाईंनी एकदा ‘गजर लाव’ म्हटलं तर त्यानं घड्याळाचा गजर लावला. त्यांना विठ्ठलाचा गजर हवा होता! आम्ही हसून हसून बेजार. पण माइकला आपली बोली नीट कळली, तर आत्याबाईंसारखीला आकड्यांचीही गरज उरणार नाही, हेही त्याच दिवशी वाटलं.

म्हणून आम्ही दुसरा बॉक्स घेतला, नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा. जरा महाग पडला. या वेळी मी लेकाला म्हटलं, ईमेल माझा, नंबर माझा आणि पासवर्ड मला पाठ होईल असा. पैसे भरायचं खातं त्याला जोडलेलंच नाही. जे पाहायचं ते महिन्याच्या महिन्याला, मनात आलं तर, स्वतःच्या हातानं भरायचं. गटातल्या दोघींनी बँकेत जाऊन खात्याचा मोबाइल नंबर बदलून स्वतःचा करून घेतला. तिसरीच्या घरी त्यावरून वाद झाला. ‘कशाला, आमच्यावर भरवसा नाही का?’ असं नवरा म्हणाला. ती अजून गप्प आहे. पुढच्या मीटिंगला मी तिच्या घरीच जाणार आहे.

आत्याबाईंसाठी मात्र छत्रीच बसवली, दूरदर्शनच्या फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा. एकदाच खर्च, महिन्याचं बिल नाही, इंटरनेट नाही, ओटीपी नाही. खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात नि जातात, त्यामुळे आज आहे ते उद्या असेलच असं नाही. आत्याबाईंची जुनी मालिका तिथं मिळाली नाही. दोन दिवस त्या हिरमुसल्या. मग रिमोट हातात घेऊन एकेक आकडा दाबत बसल्या. सह्याद्रीवर कीर्तन लागलेलं पाहिलं, आणि मला हाक मारून म्हणाल्या, “ह्याचा नंबर कोणता गं? माझ्या बोटावर मोजून दाखव.”