गँडाल्फ म्हणजे ख्रिस्त नव्हे

गँडाल्फ म्हणजे ख्रिस्त, अंगठी म्हणजे पाप, मॉर्डॉर म्हणजे नरक. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर (1954-55) विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांत हे कोष्टक हमखास सापडते. दोष त्यांचा नाही, आमचा आहे. खांडेकरांच्या रूपककथा शिकवताना 'हे कशाचे प्रतीक?' असे आम्हीच विचारत आलो. कोष्टक भरले की गुण मिळतात, आणि गुण मिळाले की वाचन संपते.

याच्या उलट टोकाला दुसरा वर्ग आहे. त्याच्या मते ही निव्वळ साहसकथा. तीत ईश्वरशास्त्र शोधणे हा धर्मप्रचार. हे दोन्ही पक्ष टोल्किनचीच साक्ष काढतात. 1953 साली फादर रॉबर्ट मरे यांना लिहिलेल्या पत्रात आपली कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे त्याने म्हटले आहे. पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथेविषयीची आपली नावडही त्याने नोंदवली. यात विसंगती मुळीच नाही. त्याच पत्रात त्याने सांगितले आहे की पूजाविधी, पंथ अशा गोष्टी आपण जवळजवळ गाळून टाकल्या, कारण धर्मतत्त्व कथेतच मुरले आहे. म्हणजे ते पात्रांच्या नावांत नव्हे, कथानकाच्या सांध्यांत शोधायला हवे.

कळसाचाच प्रसंग घ्या. अग्निकुंडाच्या काठावर पोहोचलेला फ्रोडो अंगठी टाकत नाही. ती आपली आहे असे म्हणून तो ती बोटात घालतो. नायक ऐन क्षणी हरतो! गॉलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचताना त्याचा तोल जातो आणि तो अंगठीसह आगीत पडतो. हा योगायोग म्हणावा, तर त्यामागची साखळी पाहावी लागेल. बिल्बोने गॉलमला जिवंत सोडले, फ्रोडोने सोडले, शेवटी मनातून त्याचा द्वेष करणाऱ्या सॅमनेही सोडले. या दयेपैकी एक जरी कमी पडली असती तर काठावर गॉलम नसता. मनुष्याची इच्छाशक्ती अखेरीस अपुरी पडते, तारते ती कृपा. आणि ती कृपाही माणसांनी पूर्वी केलेल्या दयेच्या वाटेने येते. हे ख्रिस्ती ईश्वरशास्त्र आहे, आणि त्यासाठी कोणालाही ख्रिस्ताचा मुखवटा चढवावा लागलेला नाही.

2003 सालच्या चित्रपटात फ्रोडो गॉलमवर झडप घालतो आणि झटापटीत दोघेही कड्यावरून कोसळतात. बदल छोटा वाटतो. पण नायकाच्या हातांना काम मिळते आणि कृपेची जागा नाहीशी होते.

कोणी विचारील, मग लुइसचे काय? 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये (1950) अस्लान विश्वासघातकी एडमंडऐवजी मरतो आणि पुन्हा उठतो. तिथे तर समीकरण उघड आहे. मान्य. परंतु लुइसनेही त्याला रूपककथा म्हटलेले नाही. नार्नियासारखे जग असते, तर तिथे देवपुत्र कोणत्या रूपाने आला असता, हा त्याचा प्रश्न होता. 'अस्लान म्हणजे ख्रिस्त' एवढे लिहून थांबणारा विद्यार्थी त्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. एका लबाड मुलासाठी एवढी किंमत का मोजावी, हे त्याला खटकतसुद्धा नाही.

खटकायला हवे. त्यासाठी वाचकाने श्रद्धावान असण्याची गरज नाही; ज्ञानेश्वरी शिकवताना आम्ही कोणाच्या गळ्यात माळ पाहत नाही. पण फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (1616) त्यातील मराठीच्या स्तुतीपुरते शिकवायचे आणि त्यातला ख्रिस्त टाळायचा, ही सवय आम्हाला जडली आहे. तीच सवय या कादंबऱ्यांपाशी आडवी येते.

तेव्हा आमची सूचना एवढीच. प्रश्नपत्रिकेतून 'प्रतीके स्पष्ट करा' काढून टाकावे आणि विचारावे: फ्रोडो हरला, तरी जग का वाचले? या प्रश्नाला कोष्टकातले उत्तर नाही.