पुढील स्टेशन, अगला स्टेशन

‘बोलायला लागला का हो?’ हा प्रश्न गेल्या अडीच वर्षांत मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा बँकेत असताना कोणी व्याजाचा दरही विचारला नसेल. विचारणारे आपुलकीनेच विचारतात. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, डोंबिवलीच्या फलाटावर. माझा नातू पाच वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. त्याचं नाव मी इथे देत नाही. तो उद्या मोठा होऊन हे वाचील; नाव सांगायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

या प्रश्नाला ‘हो’ म्हणावं तर लोक लगेच खाली वाकतात आणि ‘बाळा, नाव काय तुझं?’ असं विचारतात. तो रिक्षाच्या चाकाकडे बघत ‘नाव काय तुझं’ एवढंच म्हणतो. मग माणसं माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की जणू कर्ज बुडालं. ‘नाही’ म्हणावं तर ते खोटं, कारण तो दिवसभर बोलत असतो. आपण ज्याला बोलणं म्हणतो तसं ते नसतं, इतकंच.

त्याला तहान लागली की तो म्हणतो, ‘तुला पाणी हवंय?’ नवख्या माणसाला वाटतं, काय गुणी मुलगा आहे, पाहुण्याला पाणी विचारतो. पाणी त्याला स्वतःला हवं असतं. पाणी येण्यापूर्वी हेच वाक्य ऐकू येतं, हे त्याने रोज पाहिलेलं आहे. तेव्हा पाणी आणणारं वाक्य हेच, असा त्याचा हिशेब. हिशेबात चूक मला तरी दिसत नाही. आणि पाणी हवं असेल तर ‘हो’ न म्हणता तो आपलाच प्रश्न आपल्याला परत देतो. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात या दोन्ही गोष्टी टिपलेल्या आहेत: ‘मी’च्या जागी ‘तू’, आणि होकाराच्या जागी प्रश्नाचीच पुनरावृत्ती. मला त्यात गंमत वाटली ती अशी, की मराठी माणूस याहून काय वेगळं करतो? ‘जेवणार?’ ‘जेवणार.’ ‘येणार ना उद्या?’ ‘येणार.’

अशा पुनरुच्चाराला बरीच वर्षं निरर्थक पोपटपंची समजत आणि ती बंद पाडण्याचे प्रयत्न होत. कॅनर यांनीच १९४६ साली एका मुलाची हकिकत लिहिली होती. आई बालगीत म्हणत असताना तिच्या हातून पातेलं पडलं. त्यानंतर पातेल्यासारखं काहीही दिसलं की तो मुलगा त्या गाण्यातले शब्द म्हणे. ज्याला ती दुपार ठाऊक नाही त्याला ही बडबड वाटणार, आईला वाटणार नाही. पुढे १९८०च्या सुमारास बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अमेरिकन वाचातज्ज्ञांनी अशा पुनरुच्चारांचा बारकाईने अभ्यास केला, आणि मूल त्यातून मागतं, होकार देतं, आपली पाळी घेतं, स्वतःला धीर देतं, हे दाखवून दिलं.

आमच्याकडचं पातेलं म्हणजे मध्य रेल्वे. नातवाला कुठूनही निघायचं असलं, लग्नातून, दवाखान्यातून, ताटावरून, की तो म्हणतो, ‘पुढील स्टेशन ठाकुर्ली. अगला स्टेशन ठाकुर्ली. नेक्स्ट स्टेशन ठाकुर्ली.’ लोकलमधल्या बाईंचा आवाज, तिच्या थांबण्याच्या जागांसकट. एका मुंजीत त्याने हे तीनदा म्हटलं आणि आम्ही तिघं चपला शोधायला लागलो. यजमानांना काही कळेना. आमच्या दृष्टीने त्याने ‘आता पुरे, घरी चला’ हे स्वच्छ शब्दांत, तेही तीन भाषांत सांगितलं होतं.

या तीन भाषांवरूनच मला आजचं खरं बोलायचं आहे.

निदान झालं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. एका तज्ज्ञांनी मुलाला आणि सूनबाईंना बसवून सांगितलं, की घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल गोंधळेल. आणि ती इंग्रजी ठेवा, कारण शाळा इंग्रजीच असणार, तक्ते इंग्रजीच असणार. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं आणि मी तसं बोललोही. पण घाबरलेल्या आईबापांपुढे निवृत्त सासऱ्याच्या मताला किती वजन असणार? दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सगळे शिकलेले आहात. खरं आहे. माझी पत्नी इंग्रजी वर्तमानपत्र वाचते. पण तिला इंग्रजीत लाड करता येत नाहीत. आठवडाभरात आमचं इंग्रजी चार शब्दांवर आलं: कम, सिट, ईट, नो. आपल्या मध्यमवर्गात कुत्र्याशी इंग्रजीत बोलायची जुनी चाल आहे, त्या पातळीचं. चिऊचा घास आणि काऊचा घास बंद झाला. आंघोळीच्या वेळची आजीची अखंड टकळी, ‘आता पाय, आता कान, अरे किती मळलाय माझा राजा’, ती थांबली. मुलाला भाषा शिकवण्यासाठी म्हणून घरातल्या चार मोठ्या माणसांनी बोलणंच कमी केलं. साडेतीन महिने हे चाललं. पत्नी त्या काळात त्याला झोपवताना नुसती थोपटायची, कारण इंग्रजी अंगाई तिला येत नव्हती.

मग दुसऱ्या एका वाचाउपचार करणाऱ्या बाईंकडे जाणं झालं. तिशीच्या आतली मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आजीला विचारलं, ‘तुम्ही रागावता कोणत्या भाषेत? मग त्याच भाषेत बोला ना त्याच्याशी.’

हा काही एका मुलीचा उदारपणा नव्हता. ऑटिझम असलेलं मूल दोन भाषांनी मागे पडतं, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. कॅनडातल्या हॅम्ब्ली आणि फॉम्बोन या संशोधकांनी २०१२ साली अशा ७५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा भाषेत अधिक मागे असल्याचं त्यांना आढळलं नाही. त्यानंतरच्या अभ्यासांचाही कल तोच आहे. तरीही आपल्या शहरांतून आजही आईबापांना ‘घरात मराठी नको’ असं सांगितलं जातं, आणि ते ऐकतात. कारण मुलासाठी काहीही सोडायला ते तयार असतात, मग भाषा का नाही? मला या सल्ल्याचा राग येतो तो मराठीच्या अभिमानापोटी नव्हे. नातू इंग्रजी शिकतोच आहे, लिफ्टमधले आकडे तो इंग्रजीतच म्हणतो, शिकू दे. पण माणसांत मिसळणं ज्याला आधीच अवघड, त्याला घरातल्या माणसांच्या बोलण्यातून उठवून बाजूला बसवायचं, यात कसला उपचार? जेवताना आम्ही आपसांत काय बोलतो, आजी फोनवर कोणाला हसते, हे त्याच्या कानांवर पडायला नको? आणि ज्या मुलाला लोकलने तीन भाषांत स्टेशनं पाठ करवली, त्याला आजीच्या एका भाषेने गोंधळ होईल?

मराठी सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. शब्दाला शब्दाप्रमाणे धरणाऱ्या मुलासाठी ती फार लबाड भाषा आहे. आपण घराबाहेर पडताना ‘येतो’ म्हणतो आणि जातो. ‘जातो’ म्हणणं अशुभ. नातू पूर्वी माझ्या ‘येतो हं’नंतर दाराशी उभा राहून मी आत येण्याची वाट पाहायचा. आता मी ‘फिरायला जातो, सात वाजता घरी येतो’ असं म्हणतो. शुभाशुभाचं बघून घेता येईल. तीच गत ‘परवा’ची. मागचा परवा आणि पुढचा परवा यांना एकच शब्द ठेवणाऱ्या पूर्वजांनी कधी चेक वटवले नसावेत! आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावलं आहे आणि बोट ठेवून वार सांगतो.

बोटांवरून आठवलं. फ्रिजवर आमच्याकडे चित्रांची कार्डं आहेत: पाणी, केळं, झोका, संडास, ‘पुरे’. चित्रं दाखवायची सवय लागली तर मूल बोलायचंच नाही, असं पुष्कळजण सांगतात. अनुभव उलट आहे आणि संशोधनही त्याला धरूनच आहे. ज्याचं म्हणणं पोचतं त्याला आणखी काही म्हणावंसं वाटतं. मुंबई आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं अ‍ॅप अशाच चित्रांवर चालतं. काही मुलं तोंडाने कधीच बोलणार नाहीत, त्यांचं बोलणं याच वाटेने येईल, आणि तेही बोलणंच आहे.

खरी अडचण मुलांची नसून आपल्या घाईची आहे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, असं त्या मुलीने आम्हाला सांगितलं. करून पाहा, फार लांबतात ते दहा आकडे. पूर्वी बँकेत पितळी टोकन घेतलं की माणूस मुकाट्याने अर्धा तास बाकावर बसायचा. तोच माणूस मुलाला ‘काय खाल्लंस?’ विचारून दोन सेकंद थांबत नाही, स्वतःच ‘पोळी खाल्ली ना? हो ना?’ म्हणून मोकळा होतो. आठव्या आकड्याला आमच्याकडे बरेचदा उत्तर येतं.

ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाला तो चोख आहे, मुलाला नाही. आमचा नातू स्वतःत मग्न असलेला मी पाहिलेला नाही. पंख्यात, गेटच्या कडीत, पावसाच्या पन्हळीत मग्न असतो. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६च्या कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत त्याला जागा दिली. कायदा सुधारतो, तसा शब्दही कधीतरी सुधारेल.

सध्या आमच्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. दिवसाचा पुष्कळ वेळ तो आई आणि आजीच्या सहवासात असतो, त्यामुळे ‘मी येते’, ‘मी खाते’, ‘मी नाही जा’ अशी त्याची वाक्यं आहेत. ‘तू’चा ‘मी’ झाला याचाच आम्हाला इतका आनंद, की ‘ते’चा ‘तो’ व्हायची कोणाला घाई नव्हती. त्या मुलीनेही दुरुस्त करू नका म्हणून सांगितलं. पुरुषाचं बोलणं त्याच्या कानांवर अधिक पडू दे, एवढंच. हे काम घरात रिकाम्या असलेल्या एकमेव पुरुषाकडे आलं. मी दिवसभर मोठ्याने बोलत हिंडतो: मी चपला घालतो, मी पेपर वाचतो, मी चष्मा शोधतो. शेजारचे काळजीत आहेत.

गेल्या मंगळवारी दुपारी तो माझ्या खुर्चीपाशी आला आणि कपाकडे बघत म्हणाला, ‘मी चहा पितो.’ त्याला चहा अजिबात द्यायचा नाही, असं सूनबाईंनी बजावून ठेवलेलं आहे. मी बशीत दोन घोट ओतून दिला.