स्वस्त मोडेमचे महाग गणित

जयपूर : घरगुती इंटरनेटच्या स्पर्धेत मोडेम अत्यल्प किमतीत, अनेकदा फुकटही दिला जातो. मात्र हे उपकरण दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालेल का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. राजस्थानचा अनुभव या संदर्भात बोलका आहे.

सिस्टेमा श्याम टेलिसर्व्हिसेसने 2009 च्या अखेरीस ‘एमटीएस’ नाममुद्रेखाली ‘एमब्लेझ’ हा डोंगल बाजारात आणला. सीडीएमए कुळातील ईव्ही-डीओ तंत्रावर चालणाऱ्या या उपकरणाची कमाल गती सेकंदाला 3.1 मेगाबिट होती. थ्रीजीचा लिलाव होण्यापूर्वीच्या काळात ती आकर्षक ठरली. हे तंत्र प्रमाणित होते. पण त्याची महत्त्वाची पेटंट प्रामुख्याने क्वालकॉमकडे होती आणि डोंगल एकाच कंपनीच्या सेवेशी जखडलेला होता. विशेष म्हणजे, या कुळातील पुढच्या पिढीचा विकास क्वालकॉमने नोव्हेंबर 2008 मध्येच थांबवून एलटीईची वाट धरली होती.

सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द केले. त्यात कंपनीचे 22 पैकी 21 परवाने गेले. जुना असल्याने केवळ राजस्थानचा वाचला. जयपूरच्या ग्राहकांना त्यामुळे दिलासा मिळाला, पण तो तात्पुरता होता. ऑक्टोबर 2017 मध्ये हा व्यवसाय रिलायन्स कम्युनिकेशन्समध्ये विलीन झाला आणि पुढे सीडीएमए सेवा इतिहासजमा झाली. सुस्थितीतील डोंगलही निरुपयोगी ठरले.

याउलट उदाहरणही आहे. 56 किलोबिटच्या टेलिफोन मोडेममध्ये 1997 साली ‘एक्स-टू’ आणि ‘के-56 फ्लेक्स’ या परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती होत्या. 1998 मध्ये ‘व्ही-90’ हे समान मानक आले आणि तो झगडा मिटला. अनेक जुने मोडेम केवळ सॉफ्टवेअर बदलून नव्या मानकावर आणता आले.

आजच्या फायबर जोडण्यांमध्ये जीपीओएन हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तरीही उत्पादकांनी त्यात केलेल्या स्वतंत्र भरींमुळे एकाचा मोडेम दुसऱ्याच्या यंत्रणेशी पूर्णपणे जुळेलच, याची खात्री नसते.

म्हणूनच उपकरण भाड्याने वा परतीच्या अटीवर मिळत असेल, तर हा धोका कंपनीकडे राहतो. विकत घेतल्यास तो ग्राहकाच्या माथी येतो. मोडेमचे मूल्यमापन गती आणि किमतीबरोबरच, सेवा बदलल्यावर तो किती उपयोगी राहतो, यावरही व्हायला हवे. मानकाचे नाव आणि जखडणुकीची अट वेष्टनावर ठळकपणे छापण्याची सक्ती झाल्यास ही निवड ग्राहकाला डोळसपणे करता येईल.