भिंतीवरचे नाव

वार्षिक निकालाच्या दिवशी मुलीचे प्रगतिपुस्तक घ्यायला आलेली एक आई आमची जुनी विद्यार्थिनी निघाली. सही करून झाली तरी ती थांबली. "टीचर, एक विचारायचं होतं," म्हणत तिने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. ते तिचे फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र होते.

ती २०१२ साली डी.फार्म. झाली, नोंदणीही केली. पुढच्या वर्षी निकाह झाला. मग मुले, सासऱ्यांचे आजारपण. नूतनीकरणाची तारीख कधी उलटली, कळलेही नाही. आता नवऱ्याचे आखातातले काम संपले आहे. अशा वेळी गावातल्या एका मेडिकलवाल्याने दिरामार्फत निरोप पाठवला, "भाभींची नोंदणी पुन्हा चालू करून घ्या, खर्च आम्ही करू. सर्टिफिकेट आमच्या दुकानात लावू द्या. भाभींनी यायची गरज नाही. पैसे दर महिन्याला घरपोच."

घरात सर्वांना हे पटले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "घरबसल्या, पर्द्यात राहून रोजी मिळते आहे, तर नाही कशाला म्हणायचं?" हिला मात्र झोप येत नव्हती.

आम्ही तिला आधी धीर दिला. शिक्षण कोणी काढून घेत नाही. दोन वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर दवाखान्यात किंवा दुकानात केलेले ५०० तासांचे प्रात्यक्षिक, ही कमाई तिचीच आहे. मात्र काम करण्याचा हक्क राज्य औषधनिर्माण परिषदेच्या नोंदवहीतल्या नावावर चालतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नूतनीकरणाचे शुल्क मुदतीत भरले नाही तर ते नाव कमी होते. त्याच कायद्यात नाव पुन्हा दाखल करून घेण्याचीही सोय आहे. अर्ज, राहिलेले शुल्क, मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ओळखीचा पुरावा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर त्याचा कागद. शुल्क आणि कागदांची यादी बदलत असते, म्हणून ती परिषदेच्या संकेतस्थळावरच पाहावी, कुणा दलालाच्या तोंडून ऐकू नये.

आणखी एक अट आहे. २०१५ च्या नियमांप्रमाणे नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. ती म्हणाली, "टीचर, एवढं सगळं मी शिकलेच आहे की." आम्ही विचारले, "एच-वन नोंदवही माहीत आहे?" ती गप्प झाली. ही नोंदवही मार्च २०१४ पासून आली, तेव्हा ती संसारात होती. काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणाऱ्या गोळ्या देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळे लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. उजळणी हवी ती यासाठीच.

मग मूळ प्रश्न आला, सर्टिफिकेट भाड्याने लावण्याचा. आम्ही स्पष्ट सांगितले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा समक्ष देखरेखीखालीच द्यावे, असा कायदा आहे. ती घरी भाकऱ्या थापत असेल आणि दुकानात तिच्या नावाखाली दहावी झालेला मुलगा गोळ्या देत असेल, तर ते खोटे आहे. तपासणी झाली तर जबाब तिला द्यावा लागेल. आणि चुकीचे औषध कुणाच्या पोटात गेले तर? इथला जबाब देऊन ती सुटेलही, पण वर काय सांगणार? रोजी घरात बसून मिळाली म्हणून हलाल होत नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. तिने घरी हे सगळे सांगितले. दीर रागावला. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी आपल्या मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा आणला. मागे एकदा दुकानातल्या मुलाने ५०० ऐवजी १००० ची पट्टी दिली होती आणि ती हिनेच वाचून परत पाठवली होती. सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तू घरात होतीस म्हणून बरं. ज्यांच्या घरात कुणी वाचणारं नाही, त्यांचं काय?" नंतर म्हणाल्या, "दुकानात जायचं तर जा. बुरखा घालूनही काउंटरवर उभं राहता येतं. मुलांना मी बघते."

तिने मेडिकलवाल्याला नकार कळवला. अर्ज स्वतःच्या पैशाने, एक बांगडी मोडून भरला. नोकरी अजून मिळालेली नाही. घरात तंगी आहे, हेही ती लपवत नाही.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांत असा एखादा कागद कपाटात निकाहनाम्याखाली पडून असेल, फार्मासिस्टचा, परिचारिकेचा, वकिलीचा. आज तो काढून त्यावरची तारीख वाचा. मुदत असेल तर वेळेत भरा, गेली असेल तर चौकशी करा. मुलीच्या सासरी जाणाऱ्या सामानात तिच्या नूतनीकरणाची तारीख लिहिलेली चिठ्ठीही ठेवा. आणि नाव चालू झाले, की जिथे ते लागेल तिथे आपण स्वतः उभ्या राहा. नाव ही अमानत आहे, ती भाड्याने देता येत नाही.