लॉर्नच्या पुढे जायचे तर मुक्काम हवा

मे महिन्याच्या सुटीत मेलबर्नला मुलाकडे, मुलीकडे किंवा भावाकडे जाणारी मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. तिथे पोहोचून जेट लॅग उतरतो न उतरतो तोच एक बेत हमखास ठरतो. शनिवारी पहाटे निघायचे, ग्रेट ओशन रोडने जाऊन 'ट्वेल्व्ह अपोस्टल्स' हे समुद्रातले सुळके बघायचे आणि रात्री जेवायला घरी. गाडीत आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन लहान मुले. किनाऱ्याने जायचे आणि आतल्या हमरस्त्याने परतायचे, तर हा फेरा सुमारे ५०० किलोमीटरचा होतो. मोठी माणसे तो रेटून नेतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यातून मिळतात ती वळणे, उलट्या आणि "आता झोप" अशी दटावणी.

हा बेत बदलायला हवा, कारण रस्ता खरोखरच मुलांनी बघावा असा आहे.

टॉर्कीपासून वॉर्नम्बूलजवळच्या अ‍ॅलन्सफर्डपर्यंत त्याची लांबी २४३ किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला, बराचसा कुदळ-फावड्यांनी कडे फोडून. जे परत आले नाहीत, त्या सोबत्यांचे हे स्मारक. ईस्टर्न व्ह्यू इथे रस्त्यावर लाकडी कमान आहे. १९८३ च्या वणव्यात ती जळाली आणि पुन्हा उभारली गेली. कमानीशेजारी काम करणाऱ्या सैनिकांचा पुतळा आहे. तिथे दहा मिनिटे थांबून मुलांना एवढे जरी सांगितले की हा रस्ता मित्रांच्या आठवणीसाठी केलाय, तर पुढचे प्रत्येक वळण त्यांना वेगळे दिसते.

आता एका दिवसाचा हिशोब. आपली उन्हाळी सुटी म्हणजे तिकडचा सरता शरद. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मेलबर्नला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास मावळतो. हातात उजेड जेमतेम दहा तासांचा. वाटेतल्या लॉर्न गावापासून अपोलो बे हे अंतर ४५ किलोमीटरच आहे, पण एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये सतत वळणे, त्यामुळे तासभर सहज जातो. अपोलो बेच्या पुढे रस्ता किनारा सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. वाटेतले थांबे, जेवण, शू-शी, कुणाचे तरी पोट बिघडणे हे सगळे धरले की अपोस्टल्सपाशी पोहोचेपर्यंत दुपार कलते. परतीचा प्रवास अंधारात. आणि कांगारू रस्त्यावर येतात ते नेमके तिन्हीसांजेला आणि पहाटे. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाने त्या वेळी अनोळखी रस्त्यावर मुलांना घेऊन असणे हा धोका आहे, आणि तो पूर्णपणे टाळता येतो.

मुलांच्या सीटबद्दल तर जराही सैल राहून चालणार नाही. व्हिक्टोरिया राज्यात सात वर्षांखालचे प्रत्येक मूल वयाप्रमाणे मंजूर सीटवर पट्ट्याने बांधलेले असावेच लागते. सहा महिन्यांच्या आतले बाळ मागे तोंड करून बसवायचे. दोन रांगांच्या गाडीत चार वर्षांच्या आतले मूल पुढे बसवता येत नाही. सीटही ऑस्ट्रेलियाच्या मानकात बसणारी हवी, म्हणून भारतातून नेलेली सीट बहुधा कामाची नसते. आजीच्या मांडीवर नातू ही आपल्याकडची सवय तिथे गुन्हा ठरते. खरे तर आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. तो कुणाला होताना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. चार मोठे आणि दोन लहान म्हणजे सात आसनी गाडी लागणार. पण अशा अनेक गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत सीटचा वरचा पट्टा अडकवायला कडी नसते. गाडी ठरवतानाच हे विचारून घ्यावे, कारण सकाळी गाडी ताब्यात घेताना उलगडा झाला तर सगळा दिवस तिथेच बसतो.

मग मुलांना घेऊन बघायचे काय? टॉर्कीहून पश्चिमेकडे निघाले की गाडी डावीकडून चालते आणि समुद्रही डावीकडेच असतो. त्यामुळे रस्ता न ओलांडता कुठेही कडेच्या थांब्यावर वळता येते. लॉर्नला समुद्राला लागूनच खेळायची बाग आहे. आजी-आजोबांनी बाकावर बसावे, मुलांनी वाळूत लोळावे, कुणाला घाई नसावी. केनेट रिव्हरला निलगिरीच्या फांदीच्या बेचक्यात कोआला दिसू शकतो. तो दिवसातले वीस-वीस तास झोपतो, त्यामुळे मान वर करून तो राखाडी गोळा शोधणे हाच खेळ. शोधायला अर्धा तास लागतो आणि मुलांना तो अर्धा तास पुरतही नाही. एका दिवसाच्या बेतात पहिली काट याच थांब्यावर पडते.

पण मुलांची खरी जागा म्हणजे लॉक आर्ड घळ. अपोस्टल्सपासून गाडीने काही मिनिटांवर. इंग्लंडहून मेलबर्नला निघालेले 'लॉक आर्ड' जहाज १ जून १८७८ रोजी इथल्या मटनबर्ड बेटावर आपटून बुडाले. जहाजावर ५४ माणसे होती, दोन वाचली. टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी लाटांबरोबर या घळीत फेकला गेला. पाण्यातून हाक ऐकू आली म्हणून तो पुन्हा आत शिरला आणि ईव्हा कारमायकल या मुलीला ओढून वाळूवर घेऊन आला. मग कडा चढून मदत शोधायलाही तोच गेला. दोघेही जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. आज पायऱ्या उतरून त्याच वाळूवर उभे राहता येते. दोन्ही बाजूंना उंच पिवळे कडे, समोर समुद्राची अरुंद फट. गोष्ट सांगणाऱ्याला काही रंगवून सांगावे लागत नाही. २००९ मध्ये जवळची नैसर्गिक कमान कोसळली आणि मागे दोन सुळके उरले, त्यांना आता टॉम आणि ईव्हा म्हणतात. मोठ्या मुलांना वॉर्नम्बूलच्या फ्लॅगस्टाफ हिलच्या संग्रहालयातही न्यावे. याच जहाजातून आलेला चिनी मातीचा, माणसाच्या उंचीला टेकणारा मोर तिथे आहे. एवढे जहाज फुटले, माणसे गेली आणि मोर मात्र पेटीतून किनाऱ्याला लागला, हे ऐकून कुठलेही मूल दहा प्रश्न विचारते. त्या प्रश्नांना वेळ द्यायला हवा.

सुट्या मोजक्या असतात, मुक्कामाचा खर्च वाढतो, हे खरे आहे. विमानाचा मोठा खर्च करून गेल्यावर 'प्रसिद्ध ते पाहिलेच पाहिजे' असे वाटणे तर अगदी स्वाभाविक. पण अपोस्टल्सच्या सज्जावर गर्दीत पंधरा मिनिटे उभे राहून काढलेला फोटो मुलांसाठी नसतो, तो नातेवाइकांच्या ग्रुपसाठी असतो. आणि एक बाब पाण्याची. हा किनारा दक्षिण महासागराच्या तोंडावर आहे, ओढ जबर असते. लाल-पिवळे झेंडे लावून जीवरक्षक उभे असतील तिथेच, त्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरावे. झेंडे नसतील तर मुलांना वाळूतच ठेवावे, मग शेजारचे लोक पोहत असले तरी.

सात वर्षांखालची मुले बरोबर असतील तर किमान दोन रात्री हाताशी ठेवाव्यात, एक अपोलो बेला आणि एक अपोस्टल्सजवळच्या पोर्ट कॅम्पबेलला. रोज उजेड असताना मुक्कामी पोहोचावे. एकच दिवस मिळणार असेल तर अपोस्टल्सचा नाद सोडावा, लॉर्नपर्यंत जावे, दुपारभर मुलांना वाळूत खेळू द्यावे आणि दिवस मावळायच्या आत मेलबर्नचा रस्ता धरावा.